वाफा

जहाजावरून उतरून आज तिसरा दिवस,
अंगात अजून डोलणं.
पहाटे साडेचारला मी शियेच्या गुऱ्हाळात बसले आहे.
नेमगोंडाकाका काहिलीच्या कडेला,
चुलवाणात चिपाड सारणारा सिदू अर्धा झोपेत,
आणि जोतिबाच्या डोंगराकडून निघालेलं वारं
नदी ओलांडून सरळ कानात शिरतंय.

"दोन महिनं पाण्यावर काय करत हुतीस गं?"
पाण्याचा ताप बघत होते, काका.
"कुणाला आलाय ताप?"
समुद्राला. म्हणजे आला नव्हता. उतरत होता.

कसं सांगू.
द्वारकेच्याही पलीकडं, जिथून किनारा दिसत नाही,
डिसेंबरात उत्तरेची कोरडी हवा येते.
वाळवंटावरून आलेली, तहानलेली.
आदळआपट करत नाही फार,
नुसती वरून जाते
आणि जाता जाता पाणी पिते.
पाण्याची वाफ होते, आणि वाफ फुकट होत नाही,
ऊब घेऊन जाते सोबत,
भाडेकरू खोली सोडताना
बल्बसुद्धा काढून नेतो तशी.

आम्ही दर तीन तासांनी बादली सोडायचो.
अठ्ठावीस पॉइंट एक.
सत्तावीस पॉइंट चार.
मग एका रात्री अशी हवा सुटली
की कप्तान कानटोपी शोधत फिरला.
पंधरा दिवसांनी, पंचवीस पॉइंट नऊ.

"एवढंच?" काका म्हणाले.
"तेवढ्यानं च्या बी निवत न्हाई."

एवढंच.
पण बादलीतलं नव्हे, काका,
नजर पोचेल तिथवरचं.

त्यांनी पळीभर पाक पाण्यात सोडला,
बोटांनी गोळी वळली, तांब्यावर वाजवून ऐकली.
"उतरवा."
चौघांनी काहील ओढून वाफ्यात ओतली
आणि क्षणभर कुणाला कुणाचं तोंड दिसेना.

मग वारं आलं.
पिवळ्याधमक पाकावर आधी काहीच नाही,
मग एक बारीक सुरकुती.
काका फावडं कडेनं ओढत म्हणाले,
"हे बघ. वरचं निवलं की जड हुतंय.
जड झालं की खाली जातंय.
खालचं गरम मग वर येतंय, आपली पाळी म्हणून.
आपुन फकस्त वाट दावायची."

माझ्या प्रबंधाची चाळीस पानं.

तिकडंही तसंच, मी म्हटलं.
वरचं गार, खारं, जड पाणी बुडतं,
खाली साठलेलं वर येतं,
डोळ्यांना न दिसणारं शेवाळ हिरवं धरतं,
त्यामागं तारली, तारलीमागं...
इथं मी थांबले.
आमच्या घरात मासळीचं नाव काढत नाहीत.

पिशवीतून तापमापक काढला,
वाफ्यात बुडवायला गेले तर त्यांनी मनगट धरलं.
"फुटंल. कुठपतुर आकडं हैत त्येच्यावर?"
पन्नास.
"मग तुझा समुद्र लई गरीब."

सिदू हसला. मीही.
काका हसले नाहीत, वाफ्याकडं बघत राहिले.
"मागल्या साली थंडीच पडली न्हाई.
गूळ चिकाट. रवा धरंना.
आडत्यानं हात लावला आन् बोटं पुसली."

मला मागल्या वर्षीची वही आठवली.
अख्खा डिसेंबर अठ्ठावीस, अठ्ठावीस,
बादली वर घेताना पाणी कोमट, आळसावलेलं,
सगळी ऊब स्वतःपाशीच धरून.
खालचं खाली, वरचं वर.
तेव्हा वाटलं होतं, यंत्र बिघडलंय.
न आलेल्या एकाच वाऱ्याची नोंद
एक माझ्या वहीत
आणि एक आडत्याच्या बोटांवर.

उजाडलं.
पाक भरल्या साच्यांवर ओली फडकी पसरली.
पंचगंगेवर धूर उठला होता या काठापासून त्या काठापर्यंत,
पाणी कालचं ऊन थोडं थोडं सोडत होतं.
सिदू डोळे चोळत उठला, बघतच राहिला.
"काका, नदीत काहील कुणी ओतली?"

काकांनी फावडं त्याच्या हातात दिलं.
"जा. ढवळून ये."